आधी ताळा, मग सॉफ्टवेअर

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत मी हिशेबाचं काम बघतो. वय ३९. शेअर घेण्याविकण्यासाठी मी एक नियम बसवला आहे. निफ्टी ५०० मधल्या शेअरचा बंद भाव मागच्या ५५ दिवसांतल्या सर्वांत वरच्या बंद भावाच्या वर गेला की घ्यायचा, आणि मागच्या २० दिवसांतल्या सर्वांत खालच्या बंद भावाच्या खाली गेला की विकायचा. भांडवल चार लाख. एका सौद्यात त्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त गमवायचं नाही, असं ठरवलंय. आता हा नियम मागच्या पंधरा वर्षांवर तपासायचा आहे. एका ॲपची वर्गणी महिना २,५०० रुपये, कोडिंग लागत नाही. मित्र म्हणतो ॲमिब्रोकर घे. भाचा म्हणतो पायथनमध्ये फुकट लिहून देतो. ॲपवाल्यानं बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची एक तयार स्ट्रॅटेजीही दाखवली, २०१९ ते २०२४ मध्ये वर्षाला ७८ टक्के. बायकोचा एकच प्रश्न आहे, जास्तीत जास्त किती बुडतील? मला उत्तर देता येत नाही. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

– एक हिशेबनीस, इचलकरंजी

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्नीचा प्रश्न मला फार आवडला. त्याच्याकडे शेवटी येते. आधी ते ७८ टक्के वाटेतून बाजूला करू.

बँक निफ्टी म्हणजे बँकांच्या शेअरचा निर्देशांक, आणि ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याविकण्याच्या हक्काचा करार. बँक निफ्टीची साप्ताहिक ऑप्शन आता मिळतच नाहीत. बाजाराची नियामक संस्था सेबीनं १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी (करार संपण्याचा दिवस) ठेवायला सांगितली. एनएसईनं निफ्टी ठेवला आणि बँक निफ्टीची १३ नोव्हेंबर २०२४ ची साप्ताहिक एक्स्पायरी शेवटची ठरली. तुम्हाला जिचा निकाल दाखवला ती वस्तू बाजारातून उठली आहे. त्या पाच वर्षांतही तिचे नियम सारखे बदलत होते. एक्स्पायरीचा वार सप्टेंबर २०२३ मध्ये गुरुवारचा बुधवार झाला. ऑप्शन विकताना प्रीमियमवर (ऑप्शनच्या किमतीवर) लागणारा एसटीटी, म्हणजे व्यवहार कर, ०.०५ टक्के होता, तो एप्रिल २०२३ पासून ०.०६२५ आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के झाला. ७८ टक्के काढताना यातला कोणता दर धरला होता, हे ॲपवाल्याला विचारा. नीट उत्तर आलं नाही, तर त्यावरून काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको. मागचा किंवा अपेक्षित परतावा सांगून स्ट्रॅटेजी विकणाऱ्या मंचांशी ब्रोकरांनी संबंध ठेवू नये, असं सेबीनं सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे. आणि सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. तुमचा नियम शेअर घेऊन ठेवण्याचा आहे. तिथेच राहा, ही माझी कळकळीची विनंती.

आता वर्गणी. महिना २,५०० म्हणजे वर्षाला ३०,०००. चार लाखांवर साडेसात टक्के. पहिला सौदा करण्याआधीच बँकेच्या ठेवीएवढं व्याज तुम्ही दुसऱ्याला देऊन बसता. पन्नास लाखांचं भांडवल असतं तर मी वेगळं बोलले असते.

तर मग काय घ्यायचं? पहिला महिनाभर काहीच घेऊ नका. तुम्ही हिशेबनीस आहात आणि या कामाला लागणारी सगळ्यात मोठी सवय तुमच्या हाताला आहे: ताळा करून बघण्याची. बँकेचं स्टेटमेंट आलं की तुम्ही ते कीर्दीशी ओळ न् ओळ ताडून बघता, एका रुपयाचा फरक राहिला तरी शोधता. बॅकटेस्टकडे, म्हणजे नियम जुन्या भावांवर चालवून बघण्याकडे, मात्र लोक असं बघत नाहीत. शेवटी चढता आलेख दिसला की विश्वास बसतो. माझाही बसला होता, त्याबद्दल पुढे सांगते.

एक्सेल उघडा आणि तीन शेअर घ्या. एक रिलायन्स, एक तुमच्या माहितीतला कोणताही साधा शेअर, आणि एक डीएचएफएल, ही गृहकर्ज देणारी कंपनी. तिघांचे रोजचे भाव एका एका पानावर उतरवा. एका रकान्यात मागच्या ५५ दिवसांचा सर्वांत वरचा बंद भाव, दुसऱ्यात मागच्या २० दिवसांचा सर्वांत खालचा. हे मागचे दिवस कालपर्यंतचेच मोजा, आजचा दिवस त्यात धरायचा नाही. आजचा धरलात तर आजचा भाव त्या कमालीपेक्षा वर कधीच जाणार नाही आणि एकही सौदा होणार नाही. मग खरेदी-विक्रीच्या तारखा, भाव, नग, सगळं हातानं लिहून काढा. वीस-तीस सौदे पुरेत. ही तुमची कीर्द. यापुढे कोणतंही सॉफ्टवेअर समोर आलं, की त्याच तीन शेअरवर त्याच काळात हाच नियम चालवा आणि त्याची यादी आपल्या कीर्दीशी जुळवा. जे सॉफ्टवेअर प्रत्येक सौद्याची तारीख, भाव आणि नग बाहेर काढून देत नाही, ते तिथेच नापास.

पहिल्या झटक्यात याद्या जुळणार नाहीत. कुठे जुळत नाहीत, हेच तर बघायचं आहे.

पहिला फरक येईल खरेदीच्या भावात. बऱ्याच ठिकाणी तयार मांडणीत इशारा आला त्याच दिवशीच्या बंद भावाला खरेदी झालेली दाखवतात. पण तुम्ही तपासणार आहात त्या वर्षांत एनएसईचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी. तो साडेतीनला बाजार मिटल्यावर ठरतो. ठरल्यावर इशारा मिळणार, आणि मिळालेल्या इशाऱ्यावर मागे जाऊन खरेदी करणार, हे कसं जमेल? खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळच्या भावाला झाली पाहिजे. नव्या उच्चांकावरचा शेअर दुसऱ्या दिवशी अनेकदा वरच उघडतो, म्हणून हा फरक तुमच्यासारख्या नियमाला चांगलाच महागात पडतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘एक दिवस उशिरा, ओपन भावाला’ असं सांगण्याची सोय आहे का, ते आधी बघा.

दुसरा फरक रिलायन्समध्ये. २८ ऑक्टोबर २०२४ ला एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट) लागू झाला आणि साडेसव्वीसशेच्या आसपासचा शेअर तेराशेच्या घरात आला. एनएसईच्या रोजच्या भावकॉपीत (दिवसाच्या सगळ्या भावांच्या फायलीत) हा भाव जसाच्या तसा असतो, मागचे भाव कुणी अर्धे करत नाही. मग तुमचा नियम समजतो की शेअर निम्म्यानं कोसळला, आणि विकून मोकळा होतो. २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तिथेही असाच खड्डा दिसेल. बोनस, स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे होणं) आणि कंपनी वेगळी होणं, या तिन्हींसाठी मागचे भाव दुरुस्त केलेले आहेत का, हे डेटा विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर मानू नका. या दोन तारखा स्वतः उघडून बघा.

तिसरा फरक छोट्या शेअरमध्ये. चांगली बातमी आली, शेअर सकाळी उघडताच वरच्या सर्किटला (दिवसातल्या वाढीच्या कमाल मर्यादेला) गेला आणि दिवसभर तिथेच चिकटला. कागदावर तुमची खरेदी झाली. प्रत्यक्षात तुम्ही हजारो खरेदीदारांच्या रांगेत उभे असता आणि संध्याकाळी ऑर्डर रद्द होते. ज्या दिवशी दिवसाचा उच्च आणि नीच भाव एकच आहे, त्या दिवशी खरेदी झालीच नाही असं धरा. ही एक अट घातली की छोट्या शेअरवरचे कित्येक सुंदर निकाल विरून जातात.

डीएचएफएल का घ्यायला सांगितला, ते आता सांगते. २०११ मध्ये मी माझ्या पहिल्या नियमाची चाचणी केली, तेव्हा निफ्टीतल्या त्या दिवशीच्या पन्नास कंपन्या घेऊन त्यांच्यावरच मागची दहा वर्षं तपासली. निकाल इतका देखणा होता की मी दोन महिन्यांत खरे पैसे लावले. यादीत सत्यम कुठे आहे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचा घोटाळा उघड झाला आणि त्याच महिन्यात ती निफ्टीतून बाहेर गेली. माझ्या यादीत फक्त तगलेल्या कंपन्या होत्या. परीक्षेत नापास झालेल्या मुलांची नावं आधीच खोडायची आणि मग वर्गाची सरासरी काढायची, तसं ते झालं. नंतर खऱ्या पैशांचा हिशेब मांडला तेव्हा ते समजलं.

आजच्या निफ्टी ५०० वर तुम्ही पंधरा वर्षं तपासलीत तर हेच होईल. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होती. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले आणि ती निफ्टीतून गेली. डीएचएफएलचं तर समभागधारकांच्या हातात शेवटी काहीच उरलं नाही. २१ सप्टेंबर २०१८ ला, एकाच दिवसात, सहाशेच्या वरचा हा शेअर साडेतीनशेच्या आसपास बंद झाला. असे ५० शेअर तुमच्याकडे असते, तर एका दिवसात सुमारे तेरा हजार गेले असते. तुमच्या कागदावर एका सौद्याचा तोटा चार हजारांच्या पुढे जाणार नव्हता. बंद भावावर चालणाऱ्या स्टॉपला, म्हणजे तोटा थांबवायला विकण्याच्या अटीला, खालची पायरी कधी कधी नसतेच. तुमच्या सॉफ्टवेअरला हे दिसतं का? दिसायचं असेल तर बुडालेल्या कंपन्या त्याच्या डेटात असायला हव्यात.

यावर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. एनएसईच्या जुन्या भावकॉप्या मिळतात. त्या त्या दिवशी जे शेअर खेळत होते ते सगळे त्यात आहेत, पुढे मेलेलेसुद्धा. उलाढालीचा रकानाही आहे. आजची निफ्टी ५०० यादी सोडा. प्रत्येक महिन्याच्या शेवटी, तेव्हाच्या मागच्या काही महिन्यांच्या उलाढालीवरून पहिले तीनशे शेअर निवडा आणि पुढचा महिना नियम तेवढ्यांवरच चालवा. हे हातानं होणार नाही. इथे भाच्याला बोलवा. रोजच्या फायली जोडणं, कंपन्यांची बदललेली चिन्हं जुळवणं, बोनस-स्प्लिटची दुरुस्ती लावणं, हे पायथनचं अगदी नेमकं काम आहे आणि त्याला ते शोभेलही.

चाचणीही त्यालाच लिहू द्यावी का? तुम्हाला स्वतःला पायथन वाचता येणार असेल तर जरूर. नसेल तर नको. भाचा गुणी आहे हे मी मानते, पण उद्या तो नोकरीला बंगळुरूला जाईल आणि तुमच्या पैशांचा नियम तुम्हाला न वाचता येणाऱ्या भाषेत पडून राहील. ज्या वहीतलं अक्षर आपल्याला लागत नाही तिच्यावर आपण सही करत नाही.

ॲपची आणखी एक अडचण आहे. बॉस्टनची क्वांटोपियन नावाची कंपनी जगभरच्या हौशी लोकांना फुकट बॅकटेस्ट करू द्यायची. २०२० मध्ये ती बंद झाली आणि लोकांना आपलं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जावं लागलं. तुमचा नियम आणि तुमचा डेटा तुमच्या संगणकात असावा, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा कौल मित्राच्या बाजूनं, ॲमिब्रोकरकडे. नियम लिहायची त्याची भाषा लहान आहे, तुमचा नियम आठ-दहा ओळींत बसतो आणि एक्सेलची सूत्रं येणाऱ्या माणसाला ती वाचता येते. फक्त विंडोजवर चालतं आणि डेटा आपला आपण आणावा लागतो, ते भाच्यानं सोडवलंच आहे. फुकट चाचणी आवृत्तीत काम जतन करता येत नाही, पण कीर्दीशी ताळा जमतो का हे बघायला ती पुरते. ताळा जमला तरच पैसे भरा. ट्रेडिंगव्ह्यू तुम्ही आलेख बघायला वापरत असाल तर वापरत राहा, पण त्याचा टेस्टर एका वेळी एकाच शेअरचा हिशेब करतो.

आणि तुमचा प्रश्न एका शेअरचा नाहीच, हे पत्रात कुठे आलं नव्हतं म्हणून सांगते. समजा शेअर ५०० ला आहे आणि २० दिवसांचा नीचांक ४४०. शेअरमागे जोखीम ६० रुपये. एक टक्का म्हणजे ४,०००, तर ६६ नग येतील, जवळजवळ ३३,००० रुपयांचे. चार लाखांत असे बारा सौदे बसतात. तेजीच्या आठवड्यात एका दिवशी चाळीस शेअर इशारा देतील. बारा कोणते घ्यायचे? हे तुम्ही ठरवलेलं नाही. क्रम सांगितला नाही तर काही सॉफ्टवेअरं इंग्रजी वर्णानुक्रमानं आधी येणारे उचलतात आणि तुमचा परतावा कंपनीच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ठरतो. सगळे शेअर एकाच थैलीतल्या पैशांवर चालवून बघणं आणि निवडीचा क्रम नियमातच लिहिणं, हे ॲमिब्रोकरमध्ये नीट होतं. माझ्या कौलाचं मुख्य कारण तेच.

खर्चही भरा. ३३,००० च्या सौद्यात एसटीटी घेताना ३३ आणि विकताना साधारण तेवढाच, मुद्रांक शुल्क ५, विकताना डीपीचे (डीमॅट खात्याच्या शुल्काचे) पंधरा-वीस, म्हणजे सगळे मिळून नव्वदच्या आसपास. मनातला भाव आणि मिळालेला भाव यात दोन्ही बाजूंना ०.२ टक्के फरक धरा, ते १३२. एका सौद्यामागे सव्वादोनशेच्या जवळपास गेले. खर्च न धरता तुमची सरासरी कमाई सौद्यामागे ०.८ टक्के, म्हणजे २६४ रुपये दिसत असेल, तर हातात चाळीसच उरतात. कर वेगळा.

आता एक मोह, जो चांगल्या सॉफ्टवेअरमुळेच वाढतो. ५५ च्या जागी ४० पासून ७० पर्यंत सगळे आकडे, २० च्या जागी १० पासून ३० पर्यंत, एका बटणात साडेसहाशे जोड्या तपासून होतात आणि सगळ्यात वरची जोडी चमकत समोर येते. ती उचलू नका. क्वांटोपियनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आपल्याकडच्या ८८८ स्ट्रॅटेजी घेऊन बॅकटेस्टचा निकाल आणि नंतरच्या काळातली कामगिरी शेजारी ठेवली. लोक ज्या शार्प रेशोवर (जोखमीच्या मानानं परतावा किती, या आकड्यावर) भाळतात, त्यावरून पुढचं जवळजवळ काहीच सांगता येत नव्हतं. आणि ज्यांनी जास्त वेळा बॅकटेस्ट करून नियम घासला, त्यांच्या दोन निकालांतली दरीही जास्त होती. तुम्ही ५५ च्या आजूबाजूला बघा: ५० लाही बरं चालतं, ६० लाही बरं चालतं, तर ठीक. ५५ ला सोनं आणि ५८ ला माती असेल तर तो योगायोग आहे.

आणखी एक करा. पंधरा वर्षांऐवजी २००७ पासून सुरुवात करा म्हणजे २००८ ची पडझड आत येईल. २००७ ते २०१७ वर काय हवं ते करून बघा. २०१८ पासूनचा डेटा भाच्याच्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो भाच्याकडेच राहू द्या. जानेवारी २०१८ पासून मार्च २०२० पर्यंत छोटे शेअर कसे झिजत गेले, २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कसा पडला, ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालानं जवळजवळ सहा टक्के कसा खाली आणला, ते सगळं त्या पेनड्राइव्हवर आहे. नियम पक्का लिहून झाला, तारीख टाकून सही केलीत, की एकदाच उघडा. निकाल आवडला नाही म्हणून नियम बदलून पुन्हा चालवलात, तर तो डेटा उष्टा झाला.

आता तुमच्या पत्नीकडे येते. सॉफ्टवेअर ज्याला मॅक्झिमम ड्रॉडाउन म्हणतं, तेच त्या विचारताहेत: शिखरापासून सगळ्यात खोल खड्डा किती. अशा नियमांत साठ-पासष्ट टक्के सौदे छोट्या तोट्यात जातात आणि थोडेच मोठा नफा देतात. पासष्ट टक्के धरले, तर तीनशे सौद्यांत ओळीनं दहा तोटे न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. पेनड्राइव्हवरच्या डेटावरचा तो आकडा टक्क्यांत ठेवू नका, रुपयांत मांडा. ३० टक्के आला तर कागदावर १,२०,००० लिहा, शेजारी तो खड्डा भरायला किती महिने लागले ते लिहा, आणि पुढच्यासाठी तो दीडपट धरा, म्हणजे १,८०,०००. हा कागद त्यांच्या हातात द्या आणि त्या काय म्हणतात ते ऐका. एवढं नको असं त्या म्हणाल्या, तर एका सौद्यातली जोखीम एक टक्क्याऐवजी अर्धा टक्का करून सगळं पुन्हा चालवा. त्यासाठी नियमाला हात लावावा लागत नाही.

महिन्याभरानं एक्सेलची कीर्द आणि सॉफ्टवेअरची यादी कुठे कुठे फुटली, ते मला जरूर कळवा. डीएचएफएलच्या पानापासून सुरुवात करा.

– तुमची ताई